उणे पासष्ट

लास्नामेची ती नऊ मजली इमारत,
लिफ्ट बंद. शिडी खांद्यावर घेऊन सात जिने चढले.
दारावरची पाटी: हेल्दुर टाम्म.
"बूट असू देत," म्हणाले.
टालिनमध्ये असं कुणी म्हणत नाही.
म्हणजे घाई होती.

दर रविवारी चारला मुलगी बोलते, त्रोम्सोहून.
हल्ली तिच्या चेहऱ्याचे चौकोन होतात,
ओठ हलून जातात, शब्द मागून येतात,
कधी येतच नाहीत.
"आणि या पट्ट्या बघा! भरलेल्या सगळ्या!"
फोन माझ्या नाकाला लागला.
खरंच भरलेल्या होत्या.

मी मीटर काढला. सिग्नल उणे अठ्ठेचाळीस.
उणे ऐकून म्हातारा दचकला नाही,
खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे बोट केलं:
"आज उणे चौदा. लष्करात असताना
उणे चव्वेचाळीस सोसलंय."
मग सांगणं सोपं झालं.
शून्याच्या जितकं जवळ, तितकी ऊब.
उणे अठ्ठेचाळीस म्हणजे या डबीचा मे महिना.

"मग?"
मग दुसरा आकडा. गोंगाट, उणे साठ.
तोही उबेला येऊन बसलेला,
फक्त बारा पायऱ्या खाली.
"गोंगाट मात्र गोठलेला बरा, हेल्दुर.
जितका खोल गोठेल तितका बरा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. कानामागचं यंत्र चाचपलं.
"हे मोठं केलं की
कँटीनमधले चमचेपण मोठे होतात," म्हणाले.
मला आणखी काही शिकवायचं उरलं नाही.

शेजाऱ्यांची चौतीस नावं मोजली,
खालच्या मजल्यावरचा मायक्रोवेव्ह मोजला.
त्यांनी एवढं होत नाही.
हे काहीतरी सलग होतं, श्वाससुद्धा न घेणारं,
आणि घरातलंच.
मीटर हातात धरून मी चालत राहिले,
थंड, गरम खेळतात तशी.
सोफ्याशी कोमट. मत्स्यपेटीशी गरम.
कपाटाशी आकडा उकळायला लागला.

कपाटामागे, धुळीच्या गोधडीत,
पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी,
तिचा लाल दिवा अजून लागलेला.

"अरे," हेल्दुर म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही.

ती वाइकेची.
दिवाणखान्यातला टीव्ही ही डबी
स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीला पाठवायची.
बटाटे सोलता सोलता ती बर्फावरचं स्केटिंग बघायची.
छोटा टीव्ही भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली,
तिला जाऊन नऊ.
डबीला कुणी सांगितलंच नव्हतं.
रात्रंदिवस ती भिंतीपलीकडे पाठवत होती,
घ्यायला कुणी नसताना.

आमच्या भाषेत वाइके म्हणजे शांत.
हे मी बोलले नाही. त्यांना माझ्याआधी सुचलं असणार,
कारण ते जरासे हसले.

"मी काढू?"
"नको. मी."
गुडघे टेकवायला वेळ लागला.
प्लग सुटला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही,
फक्त मीटरवरचा आकडा
जिन्यावरून सुटलेल्या चेंडूसारखा खाली गेला:
सत्तर, ऐंशी, उणे ब्याण्णव.

मग ते फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले,
खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.
दोन भिंती मध्ये आल्या. सिग्नल पडला, उणे पासष्ट.
"इथे दोनच पट्ट्या!" आतून तक्रार.
"दोन पुरेत," मी म्हणाले. "आता सत्तावीस पायऱ्या आहेत."

पावतीवर काय लिहावं कळेना.
'एक उपकरण बंद केले' एवढं लिहिलं.

सोमवारी त्यांचा ऑफिसला फोन आला. तक्रार नव्हती.
मारितचं बाळ झोपलं होतं म्हणून
ती चाळीस मिनिटं कुजबुजतच बोलली, म्हणाले,
आणि त्यांनी कानातलं यंत्र
एक घर कमीच ठेवलं होतं.

शिवाय ती डबी
टाकायची कुठे, हेही विचारायचं होतं,
टाकायचीच असली तर.